पत्नी नसलेली नायिका : ‘अ‍ॅनी ओकली’ या दूरचित्रवाणी मालिकेचा पुनर्विचार

प्रस्तावना :

अमेरिकन दूरचित्रवाणीवरील ‘वेस्टर्न’ हा प्रकार प्रामुख्याने पुरुषांचा. घोडा, बंदूक, गुरांचे कळप आणि कायद्याचा बिल्ला या गोष्टी तेथे नायकाच्या स्वाधीन असतात. या पार्श्वभूमीवर १९५४ ते १९५७ या काळात प्रसारित झालेली ८१ भागांची ‘अ‍ॅनी ओकली’ ही मालिका वेगळी ठरते. स्त्रीला मध्यवर्ती स्थान देणारी पहिली दूरचित्रवाणी वेस्टर्न म्हणून तिचा उल्लेख केला जातो आणि बहुधा तेवढ्यावरच तिला स्त्री-सक्षमीकरणाचे प्रमाणपत्र बहाल करण्यात येते. हे प्रमाणपत्र घाईचे आहे, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

बंदूक एकीची, बिल्ला दुसऱ्याचा :

मालिकेतील अ‍ॅनी (गेल डेव्हिस) डायब्लो नावाच्या गावात धाकटा भाऊ टॅग याच्यासह राहते. काका गावचा शेरीफ आहे. पण तो सदैव बाहेरगावी असतो. शेरीफपेक्षा फिरता विक्रेताच तो अधिक शोभला असता. त्याच्या गैरहजेरीत गुंडांचा बंदोबस्त अ‍ॅनी आणि डेप्युटी लॉफ्टी क्रेग करतात. अचूक नेम अ‍ॅनीचा, परंतु बिल्ला लॉफ्टीच्या छातीवर. गेल डेव्हिस यांचा घोड्यावरील सहज वावर आणि निःसंकोच बोलणे आजही प्रसन्न करते, हे मान्यच केले पाहिजे. तथापि या नायिकेजवळ कौशल्य आहे, पद नाही. ती काकाची पुतणी आणि भावाची बहीण आहे; कोणाची पत्नी मात्र नाही.

मुलांसाठीच्या मालिकेत विवाहाचा विषय कशाला, असा आक्षेप येथे घेता येईल. त्या काळातील पुरुष नायकही बहुधा अविवाहितच होते. हा आक्षेप रास्त आहे. परंतु ज्या व्यक्तीचे नाव या मालिकेने घेतले, तिचे चरित्र पाहिले की ही उणीव खटकू लागते.

प्रत्यक्षातील अ‍ॅनी :

अ‍ॅनी ओकली (१८६०-१९२६) ओहायो राज्यात जन्मल्या. वडिलांच्या निधनानंतर शिकार विकून त्यांनी घराला हातभार लावला. फ्रँक बटलर या व्यावसायिक नेमबाजास त्यांनी स्पर्धेत हरविले आणि पुढे त्याच्याशीच विवाह केला. १८८५ मध्ये त्या बफेलो बिल कोडी यांच्या ‘वाइल्ड वेस्ट’ या फिरत्या खेळात दाखल झाल्या. बटलर हळूहळू स्वतः मागे सरला व पत्नीचा व्यवस्थापक झाला. पतीच्या पराभवातून सुरू झालेला हा संसार मोडला नाही, ही त्यातील खरी विलक्षण बाब होय.

नेमकी हीच बाब पुढील रूपांतरांना पेलली नाही. १९४६ च्या ‘अ‍ॅनी गेट युअर गन’ या संगीतिकेत प्रियकर मिळविण्यासाठी अ‍ॅनी जाणूनबुजून हरते. मालिकेने तिला हरविले नाही. पतीलाच कथेतून वगळले. ‘रॉय रॉजर्स शो’ (१९५१-५७) मधील प्रकार तर अधिक बोलका आहे. डेल इव्हान्स या रॉय रॉजर्स यांच्या १९४७ पासूनच्या पत्नी. पडद्यावर मात्र त्या गावात उपाहारगृह चालविणारी मैत्रीण आहेत.

विधवेचे राज्य :

‘द बिग व्हॅली’ (१९६५-६९) मध्ये बार्बरा स्टॅनविक यांनी व्हिक्टोरिया बार्कली ही विस्तीर्ण रँचची मालकीण साकारली आणि १९६६ मध्ये त्यांना त्यासाठी एमी पुरस्कार मिळाला. व्हिक्टोरिया निर्णय घेते, बंदूक उचलते, मोठ्या मुलांना धाकात ठेवते. पतीच्या अनौरस मुलालाही घरात सामावून घेते. हे सामर्थ्य अ‍ॅनीहून निश्चितच प्रौढ आहे. परंतु ते तिच्या हाती येण्यासाठी पतीला मालिका सुरू होण्यापूर्वीच मरावे लागले आहे. डायब्लोतील कुमारिका आणि स्टॉकटनमधील विधवा यांच्या मधली जागा या मालिकांनी रिकामीच ठेवली. त्याच जागी फ्रँक बटलर सुमारे पन्नास वर्षे उभा होता, पुष्कळदा पत्नीच्या नेमासाठी हातात लक्ष्य धरून.