तांबडी शाई आणि आपला विद्यार्थी

दलित विद्यार्थी लिहायला घाबरतो, ही तक्रार प्राध्यापकांच्या खोलीत नेहमी ऐकू येते. तक्रार करणारे तिचे कारणही लगेच सांगून टाकतात : घरात वाचनाची परंपरा नाही, भाषा अशुद्ध आहे, विचारांची सवय नाही. मला हे निदान मान्य नाही. जो मुलगा जयंतीच्या सभेत अर्धा तास मुद्देसूद बोलतो, जी मुलगी आईच्या मजुरीचा हिशेब मुकादमाला तोंडावर पटवून देते, त्यांच्याजवळ विचार नाहीत असे कोण म्हणेल? त्यांची जीभ चालते. कागद पुढे आला की हात थांबतो. ही भीती त्यांनी घरून आणलेली नाही. ती शाळेने दिली आहे.

ती कशी दिली जाते ते पाहू. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध आपल्यापैकी प्रत्येकाने लिहिला आहे. त्यात धरतीने हिरवा शालू नेसायचा असतो, मोराने नाचायचे असते, खिडकीत बसून गरम भजी खायची असतात. ज्याच्या घरात पत्र्यातून पाणी गळते आणि रात्रभर भांडी सरकवावी लागतात, तो मुलगा काय शिकतो? आपला पाऊस कागदावर येण्याच्या लायकीचा नाही, हे शिकतो. मग तो गाईडमधला पाऊस पाठ करतो. दहा वर्षे असा दुसऱ्याचा पाऊस उतरवून काढल्यावर महाविद्यालयात आपण त्याला ‘स्वतःचे लिही’ म्हणतो आणि तो कोऱ्या पानाकडे पाहत बसतो, याचे आपल्यालाच आश्चर्य वाटते!

मराठी निबंधाचा दुसरा वारसा आपल्याजवळ आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील १४ वर्षांच्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यातही थंडी-पाऊस आहे. पण तो डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायांच्या अंगावरचा आहे. निबंध म्हणूनही त्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्मग्रंथ कोणता, असा प्रश्न ती करते. तिथून आम्हांला धर्मच नाही या निष्कर्षाकडे येते. आणि शेवटी आपल्याच लोकांना ज्ञानाचे औषध घ्यायला सांगते. प्रतिपक्षाचे विधान घेऊन त्यातूनच त्याला कोंडीत पकडणे ही तर्काची पक्की रीत आहे. ही मुलगी शाळेत जाऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. तिला धीट करणारी गोष्ट एकच : तिच्या शिक्षकांना तिचे म्हणणे ऐकायचे होते.

आज विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकण्याआधी त्याची वेलांटी तपासली जाते. तेव्हा या शुद्धतेचेही परीक्षण व्हायला हवे. आजचे लेखननियम मराठी साहित्य महामंडळाचे आहेत. १४ नियम १९६२ साली आले, ४ नियमांची भर १९७२ साली पडली. त्याआधी ‘कांहीं’ शुद्ध होते, आज ‘काही’ शुद्ध आहे. म्हणजे हे नियम माणसांनी बसून ठरवलेले आहेत. त्यांतही एक गोम आहे. ‘गरीब’, ‘कठीण’ यांत उपान्त्य अक्षर दीर्घ. पण ‘गुण’, ‘विष’ हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आले म्हणून ऱ्हस्व. पहिला नियम प्रामाणिकपणे पाळणारा मुलगा ‘गूण’ लिहितो आणि तांबडी शाई खातो. शब्द संस्कृत आहे की नाही हे ज्याच्या पूर्वजांच्या कानांवर कधी पडू दिले नाही, त्यालाच ते ठाऊक नसल्याची शिक्षा! ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीरावांच्या लेखनाची टर उडवली तेव्हाही व्याकरण हे त्यांचे एक हत्यार होते. मुद्द्याला उत्तर देण्यापेक्षा चूक दाखवणे सोपे असते.

काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, मग प्रमाणभाषा फेकूनच द्या. हा नकार मला घातक वाटतो. ‘मूकनायक’मधील बाबासाहेबांचे मराठी प्रमाण मराठीच आहे, आणि त्यात कुठे लाचारी नाही. स्पर्धापरीक्षा, अर्ज, न्यायालय यांची भाषा आपल्या मुलांना यायलाच हवी. प्रश्न क्रमाचा आहे. प्रमाणभाषा ही वेशीवरची चौकी नसावी. आत आल्यावर हाती घ्यायचे अवजार असावे.

म्हणून पदवीच्या पहिल्या वर्षाला मी सुरुवातीचे तीन आठवडे लाल पेन वापरत नाही. विषय असा देतो की ज्यात विद्यार्थी माझ्यापेक्षा जाणकार आहे : कोयत्याची उचल कशी फिटते, किंवा का फिटत नाही. तो बोलतो तसे लिहितो. ‘पानी’ हे ‘पानी’च राहते. मग तो ते वर्गात वाचतो आणि मुले विचारतात : उचल किती? कोणी दिली? हिशेब कोणी लिहिला? उत्तरे देत तो पुन्हा लिहितो. तिसऱ्या खर्ड्यापर्यंत मजकूर भक्कम होतो. शुद्धलेखन त्यानंतर, आठवड्याला एकच नियम, कारणासह. आपल्याला वाचणारा कोणी आहे हे कळल्यावर तो स्वतःहून कोश उघडतो.

हे सारे गुणपत्रिकेसाठी नाही. अत्याचार प्रतिबंध कायद्याखालच्या फिर्यादीत शिवी नेमकी कोणती, ती लोकांच्या नजरेसमोर दिली की नाही, यावर गुन्हा टिकणे अवलंबून असते. तोंडी फिर्याद लिहून घेतल्यावर सहीपूर्वी ती वाचून दाखवणे हे २०१५च्या दुरुस्तीने कलम ४मध्ये अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरवले आहे. कायद्याला हे लिहावे लागले, कारण सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा असला की मधल्या मध्ये सत्य गळते. आपल्या वस्तीतला एक तरी मुलगा, एक तरी मुलगी ठाण्यात ताठ बसून म्हणाली पाहिजे, ‘साहेब, फिर्याद मी लिहून आणली आहे.’ त्या कागदात एखादी वेलांटी चुकली तरी चालेल.