उठून दिसणे आणि वेगळे बसवणे

‘गुणवत्ता’ हा शब्द आपल्या शिक्षणव्यवहारात जितका वापरला जातो तितकी त्याची चिकित्सा होत नाही. आता त्याला ‘वेगळेपण’ या शब्दाची जोड मिळाली आहे. अनेक खासगी आणि परदेशी विद्यापीठे केवळ गुणपत्रिकेवर भागवत नाहीत. विद्यार्थ्याकडून स्वतःविषयीचा निबंध मागतात. एवढ्या अर्जांत तू उठून का दिसावास, हा त्या निबंधामागचा प्रश्न असतो. राजर्षी शाहू महाराज परदेश शिक्षण शिष्यवृत्तीसारख्या योजनांमुळे सातारा-सांगलीकडची आमची मुलेही हा निबंध लिहू लागली आहेत. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो, घरातला पहिला पदवीधर आहे; म्हणून मुले हे लेखन माझ्याकडे तपासायला आणतात. माझ्या मते हा आता एक वाङ्मयप्रकार झाला आहे आणि त्याची समीक्षा व्हायला हवी.

या प्रकाराचा साचा ठरलेला आहे. आधी दारिद्र्य, मग जिद्द, शेवटी यश. जत-आटपाडीचा दुष्काळ पहिल्या परिच्छेदात येतो आणि दुसऱ्यात नाहीसा होतो. वस्ती येते ती मागे टाकण्यासाठी. बरोबरीची जी मुले शाळेतून गळाली, ती निबंधातूनही गळतात. कारण ती आली तर नायक एकटा राहत नाही, आणि एकटेपणावाचून वेगळेपण सिद्ध होत नाही.

एका विद्यार्थिनीचे वडील सांगलीच्या बाजारात हळदीची पोती वाहणारे हमाल. तिने निबंध लिहिला होता तो हळदीच्या सौद्यावर. भाव कसा ठरतो, तोलाई-हमाली कशी कापली जाते, याचे नेमके निरीक्षण त्यात होते. पैसे घेऊन अर्ज भरून देणाऱ्या एका सल्लागाराने तिला सांगितले, “हे कोरडे आहे. वडिलांचे दुःख जरा वर आणा.” तिने मला विचारले, “सर, ते वर आणलं तर मला हा निबंध घरी वाचून दाखवता येईल का?” हा समीक्षेतलाच प्रश्न आहे. लेखन कोणासाठी, आणि ज्यांच्याविषयी आहे त्यांच्यासमोर ते उभे राहते का?

आमचे मित्र म्हणतील, दलित आत्मकथनांनी तरी दुसरे काय केले? फरक आहे, आणि तो मूलभूत आहे. शंकरराव खरात आटपाडीचे. गाव तेव्हा औंध संस्थानात होते. तराळाचा हा मुलगा वकील झाला, लेखक झाला, मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. प्रवेश समितीच्या दृष्टीने ही आदर्श यशोगाथा. परंतु ‘तराळ-अंतराळ’ (1981) हे शीर्षक दोन्ही टोके हातात धरते. तराळकी ही त्यात ओलांडून विसरण्याची पायरी नाही. फलटण भागातील कैकाडी समाजाचे जगणे सांगणारे लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (1980) तर शिकलेल्या मुलाचे दोन्हीकडचे परकेपण मिटवतच नाही. या आत्मकथनांतला ‘मी’ हा ‘आम्ही’चा साक्षीदार आहे. प्रवेशनिबंधातला ‘मी’ मात्र ‘आम्ही’मधून सुटून आल्याचा दाखला मागतो. वेदना तीच, तिचा व्यवहार वेगळा.

वाटेगावचे अण्णा भाऊ साठे जन्मले तेव्हा (1920) ते गाव सातारा जिल्ह्यात होते; आज सांगलीत आहे. शाळेशी त्यांचा संबंध जेमतेम दीड दिवसाचा, असे सांगितले जाते. ‘फकिरा’ (1959) लिहिणाऱ्या या माणसाला कोणत्या अर्जाच्या कोणत्या रकान्यात बसवणार? त्यांचे उदाहरण देऊन, प्रतिभा असली की शाळा नसली तरी चालते, असे म्हणणाऱ्यांपासून मात्र सावध राहिले पाहिजे. शाळेने ज्याला बाहेर ठेवले त्याच्या कर्तृत्वाचे श्रेय शाळेच्या दाराला देता येत नाही.

आणि साताऱ्याला तर ‘वेगळेपणा’चा इतिहासच आहे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. 2017 पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे, की वर्गात त्यांना कोपऱ्यात गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपाई नसेल तर पाणी मिळत नसे. म्हणजे आमचा विद्यार्थी उठून दिसत नव्हता असे कधी झालेच नाही. प्रश्न हा, की कोणाच्या नजरेने, आणि कशासाठी?

ही नजर निरागस नसते, याला अमेरिकेचा दाखला आहे. 1920 च्या दशकात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन या विद्यापीठांत ज्यू विद्यार्थी अभ्यासाच्या बळावर मोठ्या संख्येने येऊ लागले, तेव्हा तेथे ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ या कसोट्यांना महत्त्व चढले. जेरोम काराबेल यांनी 2005 मध्ये हा इतिहास सविस्तर मांडला. ‘संपूर्ण व्यक्तिमत्त्व पाहतो’ म्हणणारी पद्धत नको असलेल्यांना गाळण्यासाठी वाढली.

मग निव्वळ परीक्षा बरी, असे म्हणावे काय? सीईटीचा पर्सेंटाइल जतच्या आणि सांगलीतल्या विश्रामबागेच्या मुलाला एकाच काट्यावर तोलतो. पण क्लासची फी, रिकामी खोली, घरातले इंग्रजी, यांचे वजन कोणाच्या पारड्यात पडले ते सांगत नाही. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे सांगितले होते, की रयतेच्या पैशावर वरच्या वर्गांचे शिक्षण चालते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2022 मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाच्या प्रकरणात, खुल्या स्पर्धापरीक्षेतील कामगिरी एवढ्यापुरती गुणवत्ता मर्यादित करता येत नाही, असे म्हटले.

मार्ग आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने अनेक वर्षे मागास जिल्ह्यांतून येणाऱ्यांना प्रवेशात वाढीव गुण दिले. त्यासाठी कोणालाही आपल्या आईचे अश्रू कागदावर उतरवावे लागत नव्हते. तालुका, आईवडिलांचे शिक्षण, शाळेचे माध्यम, शिकताना केलेली मजुरी, या साध्या नोंदी आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ने साताऱ्यात श्रमाला शिक्षणाचा भाग मानले. आज त्याच मुलाच्या अर्जात ‘छंद’ हा रकाना असतो आणि श्रमाला जागा नसते. मुलाने कापलेले अंतर संस्थेने मोजावे. ते नाटक करून दाखवण्याचे काम मुलावर टाकू नये. हे मोजमाप आरक्षणाच्या जागी नको, त्याच्या जोडीला हवे.

तोवर निबंध लिहावाच लागेल, आणि मुलांनी तो लिहावा. दार उघडत असेल तर ते नाकारण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही. पण शिकवणाऱ्यांनी एवढे पथ्य पाळावे: मुलाला काय दिसते, काय कळते, ते आधी लिहायला लावावे, त्याचे दुःख त्याच्या बुद्धीच्या वर ठेवू नये. हळदीच्या सौद्याचा हिशेब समजणारी मुलगी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे. तिची निवड त्या समजेवर व्हावी. दयेवर मिळालेली जागा हीसुद्धा एक वेगळी बैठकच असते.