वॉशिंग्टनचे निरोपपत्र आणि अमेरिकेतील पक्षभेद

दर वर्षी फेब्रुवारी महिन्यात, जॉर्ज वॉशिंग्टनच्या जयंतीच्या सुमारास, अमेरिकेच्या सिनेटमधील एक सभासद उभा राहतो आणि त्या थोर पुरुषाचे एक जुने पत्र आरंभापासून अखेरपर्यंत वाचून दाखवतो. पत्र चांगले साडेसात हजार शब्दांचे आहे, आणि वाचन चालू असता सभागृहातील बहुतेक खुर्च्या रिकाम्याच असतात. ज्या उपदेशासाठी हे पत्र विशेष प्रसिद्ध आहे, तो पक्षभेदाच्या निषेधाचा. आता हा उपदेश वाचणाऱ्याची निवड कशी होते म्हणाल, तर एका वर्षी एका पक्षाचा सभासद, पुढल्या वर्षी दुसऱ्या पक्षाचा, अशी पाळी लावून! १८९६ पासून हा क्रम चालत आला आहे.

या पत्रास 'निरोपाचे भाषण' म्हणण्याचा प्रघात असला तरी ते कधीच भाषण म्हणून दिले गेले नाही. १९ सप्टेंबर १७९६ रोजी ते फिलाडेल्फिया येथील एका वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. तिसऱ्यांदा अध्यक्ष होण्याची आपली इच्छा नाही, हे कळवणे हा त्याचा तात्कालिक हेतू. परंतु त्या निमित्ताने वॉशिंग्टनने आपल्या देशबांधवांस अनेक गोष्टी सांगून ठेवल्या. त्यांपैकी पक्षवृत्तीविषयीचा भाग आम्ही पुनः सावकाश वाचला, आणि तो वाचताना आदर व असमाधान ही दोन्ही एकदमच मनात उभी राहिली.

आदर कशाबद्दल, ते आधी सांगू. पत्रकर्ता म्हणतो की, पक्षवृत्ती ही मनुष्यस्वभावातच रुजलेली आहे, पण लोकसत्ताक राज्यात तिचे रूप सर्वांत भयंकर होते. आज एका तटाचा वरचष्मा, उद्या दुसऱ्याचा. प्रत्येक जण सत्ता हाती येताच मागले उट्टे काढणार. आणि या सूडचक्राला कंटाळलेले लोक अखेरीस स्वस्थतेच्या आशेने एकाच पुरुषाच्या निरंकुश सत्तेचा आश्रय करणार. दोन-चार वाक्यांत मांडलेली ही कारणपरंपरा इतकी अचूक आहे की, तिच्यासाठी इतर भागांतला सगळा पाल्हाळ क्षम्य ठरावा.

असमाधानाचे कारण पत्राच्या जन्मकथेत आहे. सही वॉशिंग्टनची असली तरी भाषा सर्वस्वी त्याची नव्हे. १७९२ साली पहिल्या कारकीर्दीच्या अखेरीस निवृत्त होण्याचा त्याचा विचार होता, तेव्हा त्याने जेम्स मॅडिसनकडून एक मसुदा करून घेतला. निवृत्ती लांबली व मसुदा पडून राहिला. चार वर्षांनी स्वतःची भर घालून तो त्याने अलेक्झांडर हॅमिल्टनकडे धाडला, आणि आज आपण वाचतो त्या पत्रातील बहुतेक शब्दकळा हॅमिल्टनची आहे. हे दोघे कोण? फेडरॅलिस्ट पक्षाचा मेंदू हॅमिल्टन; आणि त्याविरुद्ध जेफर्सनच्या जोडीने रिपब्लिकन पक्ष उभारणारा मॅडिसन. (आजचा त्या नावाचा पक्ष निराळा, तो १८५४ साली निघाला.) ज्या वर्षी मॅडिसनने तो मसुदा लिहिला, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात 'नॅशनल गॅझेट' पत्रात पक्षांवर लेख लिहून त्याने आपल्या बाजूचे मंडनही केले. म्हणजे पक्षभेदाविरुद्धच्या या पवित्र लेखास अमेरिकेतील पहिल्या दोन पक्षांच्या दोन प्रमुख शिल्पकारांचे हात लागले आहेत.

यास कोणी ढोंग म्हणेल. आम्ही म्हणत नाही. आमच्या मते त्या दोघांचाही विश्वास प्रामाणिक होता, आणि दोषाचे मूळ त्या प्रामाणिकपणातच आहे. आपण बांधतो तो पक्ष, असे त्यांपैकी कोणालाच वाटत नव्हते. पक्ष दुसऱ्याचा, आपला तो देश! वॉशिंग्टनही या भ्रमातून सुटला नव्हता. कायदेशीर सरकारच्या विचारविनिमयावर दडपण आणणाऱ्या मंडळ्यांवर पत्रात जे कोरडे ओढले आहेत, ते कोणाच्या पाठीवर पडत होते, हे त्या काळच्या कोणाही वाचकास कळण्याजोगे होते. निवडणूक तोंडावर आलेली. या पत्राने शर्यतीला आरंभ करण्याची खूणच दिली जाईल, अशा अर्थाचे उद्गार फिशर एम्स या फेडरॅलिस्ट पुढाऱ्याने एका खाजगी पत्रात काढले होते, आणि घडलेही तसेच.

पत्राची खरी उणीव अशी की, रोगाचा एक आश्रय राज्यघटनेतच आहे, हे ते सांगत नाही. मूळ घटनेप्रमाणे प्रत्येक निर्वाचकास दोन मते असत. पहिला येईल तो अध्यक्ष, दुसरा येईल तो उपाध्यक्ष. ही योजना पक्ष अस्तित्वातच नाहीत असे धरून केलेली. परिणाम काय झाला? १७९६ साली अ‍ॅडम्सला ७१ मते पडली व जेफर्सनला ६८, आणि प्रतिस्पर्धीच उपाध्यक्ष होऊन बसला. १८०० च्या निवडणुकीत त्याहून कठीण प्रसंग आला. जेफर्सन व त्याच्याच पक्षाचा बर यांस प्रत्येकी ७३ मते मिळाली. प्रश्न प्रतिनिधिसभेकडे गेला, आणि ३६ वेळा मतदान झाल्यावर, १८०१ च्या फेब्रुवारीत, जेफर्सन निवडला गेला. १८०४ साली बारावी दुरुस्ती करून दोन पदांसाठी मते वेगळी करण्यात आली. दुरुस्ती पक्षांमुळे झाली, पण तिच्यात 'पक्ष' हा शब्द नाही. राजकीय पक्ष या अर्थाने तो अमेरिकेच्या घटनेत आजही नाही. पुढे सरकारी नोकऱ्यांची पक्षवार लूट थांबवण्यास १८८३ चा कायदा लागला, आणि तोही नोकरी न मिळालेल्या एका इसमाने १८८१ साली अध्यक्ष गारफील्ड याजवर गोळी झाडल्यानंतर.

मॅडिसनने नोव्हेंबर १७८७ मधील आपल्या सुप्रसिद्ध दहाव्या 'फेडरॅलिस्ट' लेखात हा प्रश्न अधिक खोलवर पाहिला होता. दोन्ही लेखांत दृष्टांत अग्नीचाच आहे. मॅडिसन म्हणतो की, अग्नी नको म्हणून हवा नाहीशी करता येत नाही, तद्वत तट नकोत म्हणून स्वातंत्र्य नाहीसे करता येणार नाही; तेव्हा परिणामांस आवर घालणारी रचना करा. निरोपपत्र म्हणते की, हा अग्नी विझणारा नव्हे, सबब त्यावर डोळा ठेवा. पहिली भाषा घर बांधणाऱ्याची आहे, दुसरी घरातील वडीलधाऱ्याची.

आणखी एक मौन आम्हांस फार खटकते. उत्तर व दक्षिण अशा भौगोलिक पायावर पक्ष उभारू नका, असे पत्रात कळवळून सांगितले आहे. तुमचा धर्म एक, चालीरीती एक, असेही सांगितले आहे. पण 'तुमचा' म्हणजे कोणाचा? १७९० च्या खानेसुमारीत त्या देशात सुमारे सात लाख गुलाम होते. पत्रकर्त्याच्या स्वतःच्या वाडीवरही होते. गुलामगिरीचा पत्रात उल्लेख नाही. १८६० साली लिंकन निवडून आला तेव्हा दक्षिणेतील दहा राज्यांत त्याला मते देण्याची सोयच नव्हती. भौगोलिक पक्षाचे भाकीत खरे ठरले. ज्या कारणाने ठरले ते मात्र भाकीत करणाराने उच्चारले नव्हते. काँग्रेसपुढे या पत्राचे पहिले वाचन झाले ते १८६२ साली, यादवी युद्ध पेटलेले असताना. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांस अर्पण केला, त्यांनी हे मौन मोडले होते.

६ जानेवारी २०२१ रोजी पराभूत अध्यक्ष ट्रम्प यांच्या अनुयायांचा जमाव निर्वाचकांच्या मतांची मोजणी रोखण्यासाठी कॅपिटॉलमध्ये घुसला. महाभियोगाचा निर्णय सिनेटने १३ फेब्रुवारीस दिला: दोषी म्हणणारी मते ५७, निर्दोष म्हणणारी ४३. दोषी ठरण्यास ६७ मते हवी होती; ट्रम्प यांच्या पक्षातील सातच सभासद विरुद्ध गेले. त्यानंतर नऊ दिवसांनी, २२ फेब्रुवारीस, त्याच सभागृहात निरोपपत्राचे वाचन झाले. सूडचक्राला कंटाळून एका पुरुषाच्या आश्रयास जाण्याविषयीची ती वाक्येही अर्थातच वाचली गेली. त्या वर्षी पाळी रिपब्लिकन पक्षाची होती. वाचन संपल्यावर वाचकाने एका चामडी बांधणीच्या वहीत आपले नाव व अभिप्राय लिहावा, असा तेथील रिवाज आहे. पुढल्या वर्षी त्या वहीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या सभासदाने लिहिले.