कृष्णधवल छायाचित्रातील करड्याचा लोप

छायाचित्रातील काळ्या-पांढऱ्याचा तीव्र विरोध हा केवळ शोभेचा भाग होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती तपासून पाहण्यास मित्तर बेदी (१९२६–१९८५) यांच्या औद्योगिक छायाचित्रांइतके उपयुक्त उदाहरण मुंबई परिसरात क्वचितच सापडेल. स्वातंत्र्योत्तर भारतातील कारखान्यांच्या गोल टाक्या, नळांच्या रांगा आणि उंच चिमण्या त्यांच्या चित्रांत ठसठशीत भौमितिक आकार धारण करतात.

अशा चित्राची सिद्धता कॅमेऱ्यात आरंभ पावते व डार्करूममध्ये पूर्ण होते. भिंगावर तांबडा फिल्टर चढविला की निळे आकाश काळवंडते आणि ढग उजळून दिसतात. फिल्म नेहमीपेक्षा अधिक वेळ डेव्हलपरमध्ये ठेवली की निगेटिव्हवर प्रकाशित भागांची घनता छायाभागांच्या मानाने पुष्कळच वाढते. पुढे चार वा पाच क्रमांकाचा ‘हार्ड’ कागद योजिला म्हणजे मधल्या करड्या छटा आकसून जातात. छापखान्यातील लिथ फिल्म तर करडा जवळजवळ शिल्लकच ठेवीत नाही.

येथे भाषेचा दाखला उद्बोधक ठरेल. ‘क’ आणि ‘ग’ यांच्या दरम्यान घोषाच्या अनेक पायऱ्या संभवतात. परंतु ऐकणारा ‘काय’ किंवा ‘गाय’ यांपैकी एकच शब्द ऐकतो. मधल्या पायऱ्या गळाल्या तरी अर्थाची हानी होत नाही. किंबहुना त्या गळतात म्हणूनच अर्थ स्पष्ट होतो. चित्राची गोष्ट निराळी आहे. तेथे गळालेली छटा हीच कित्येकदा चित्राचा विषय असते.

बेदींच्या चित्रांत यंत्राचा आकार हाच जेथे अर्थ आहे, तेथे तीव्र विरोध पूर्णतः सार्थ ठरतो. परंतु कामगाराचा चेहरा, अंगावरची धूळ, धुराचा थर या साऱ्या गोष्टी करड्याच्या प्रांतातल्या. माणूस पुष्कळदा यंत्राची भव्यता मोजण्याचे माप म्हणूनच उरतो. ही चित्रे कंपन्यांच्या मागणीवरून घेतलेली होती आणि साध्या कागदावरील छपाईत सूक्ष्म छटा टिकत नसत, हे खरे. तथापि या कारणांनी तीव्र विरोधाची निवड समजते. तिचा परिणाम पुसला जात नाही.

आजच्या नवी मुंबईत हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे. ठाणे–बेलापूर पट्ट्यातील काही जुन्या कारखान्यांच्या जागी माहिती-तंत्रज्ञानाची संकुले उभी राहिली आहेत. त्या कारखान्यांत आयुष्य वेचलेल्यांची स्मृती जपू पाहणाऱ्या छायाचित्रकाराने कागदाचा क्रमांक निवडताना शब्द निवडण्याइतकीच सावधगिरी बाळगावयास हवी. कठोर कागद चिमणी निश्चित राखील. तिच्या सावलीत उभा असलेला माणूस राहील की नाही, हे मात्र करड्याला किती जागा उरते यावरच ठरेल.