यंत्राचे उत्तर आणि आपले ‘का?’

बुद्धिबळाच्या संगणकावर हवी ती स्थिती मांडून तपासता येते. रिचर्ड रेटी यांची १९२१ची प्रसिद्ध रचना मांडू: पांढरा राजा एच८, प्यादे सी६, काळा राजा ए६, प्यादे एच५. खेळी पांढऱ्याची. काळे प्यादे निसटलेच असे वाटते. पण यंत्र राजाला तिरके चालवून बरोबरी साधते. का, ते मात्र सांगत नाही. ही त्याची उणीव आम्हांला मोठी वाटते. पटावर राजाची तिरकी वाट सरळ वाटेइतक्याच खेळ्यांची असते. म्हणून तो एकदम दोन्ही प्याद्यांकडे सरकतो. विद्यार्थ्यांनी आधी आपले उत्तर वहीत लिहावे, मगच यंत्राला विचारावे. पुढे काळे प्यादे एच४वर ठेवावे. आता पांढरा हरतो. एका घराने काय बिघडले, हे आपणच शोधायचे!