रक्त कुणाचे, शिकारी कोण?

भूतकथा हा प्रकार आपल्या समीक्षेने करमणुकीच्या खात्यावर टाकून दिला आहे. माझ्या मते ही चूक आहे. समाज कुणाला भितो आणि ती भीती कुठे नेऊन ठेवतो, यावरून त्या समाजाची रचना कळते. आपल्याकडे तर भुतांनाही जात आहे. मुंज झालेला ब्राह्मणाचा पोर लग्नाआधी मेला तर मुंजा होऊन पिंपळावर बसतो. ब्रह्मसमंधाचा दरारा वेगळाच. खवीस म्हणजे मुसलमानाचे भूत, असे जुने कोश सांगतात. देह सरणावर जळाला तरी जात शिल्लक राहते ती अशी.

या भुतांच्या जागाही ठरलेल्या. वेस, तिवाटा, ओढा, मसणवट. अमावास्येचा उतारा गावातून निघतो तो वेशीबाहेर पडतो. आणि वेशीबाहेर कोण राहत होते? मेलेले जनावर ओढणारा, मयताचा सांगावा घेऊन गावोगाव पायपीट करणारा, रात्री वेशीवर जागणारा महार. गावाने आपले भय जिथे फेकले तिथेच आमची वस्ती होती. आमच्या आजीच्या गोष्टींत भुते पुष्कळ असत, पण ती फारशी भयंकर नसत. तिचा आवाज खाली यायचा तो चावडीवरून येणाऱ्या हाकेबद्दल सांगताना.

हे सारे आठवले ते ‘ब्लेड’ या अमेरिकन चित्रपटामुळे. चित्रपट 1998 सालचा. गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरात काही विद्यार्थ्यांबरोबर तो पुन्हा पाहिला. त्याचा उगम एका चित्रकथामालेत आहे. अमेरिकेतल्या चित्रकथांच्या प्रकाशकांनी 1954 साली स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. तिने रक्तपिशाच्चांना बंदी केली होती. 1971 साली ती सैल झाली, पुढच्याच वर्षी मार्व्हल कंपनीने ‘द टूम ऑफ ड्रॅक्युला’ ही माला सुरू केली आणि 1973 साली तिच्या दहाव्या अंकात ब्लेड हा काळा शिकारी प्रथम अवतरला. लेखक मार्व्ह वुल्फमन, चित्रकार जीन कोलन, दोघेही गोरे. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती, ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. या जवळिकीला मी फार अर्थ चिकटवणार नाही. पण काळ्यांचा संताप त्या काळात इतका उघड झाला होता की बाजारालाही त्याची दखल घ्यावी लागली, एवढे खरे. डॉ. म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतल्या काळ्या साहित्याशी आपली गाठ घालून दिली, त्या वाटेने आलेल्या वाचकाला हा शिकारी अगदीच परका वाटू नये.

कथा थोडक्यात अशी. 1967 साल. पिशाच्चाने चावा घेतलेली एक काळी गर्भार बाई इस्पितळात आणली जाते. तिच्या पोटी जन्मलेल्या मुलात पिशाच्चांचे बळ येते, पण उन्हाने तो जळत नाही. रक्ताची तहान मात्र आहे आणि ती तो औषध टोचून दाबून ठेवतो. व्हिसलर नावाचा एक म्हातारा गोरा त्याला वाढवतो, शस्त्रे करून देतो. दिग्दर्शक स्टीफन नॉरिंग्टन, पटकथा डेव्हिड गोयर यांची. वेस्ली स्नाइप्सने ब्लेड उभा केला आहे. तो बोलतो कमी, आणि ते बरेच आहे.

चित्रपटाचे खरे बळ मारामारीत नाही. ते पिशाच्चांच्या समाजात आहे. त्यांच्यात जन्मजात शुद्ध रक्ताचे आहेत आणि चावा घेतल्यामुळे पिशाच्च झालेले आहेत. मंडळावर बसतात ते शुद्ध रक्ताचे. फ्रॉस्ट हा खलनायक बाटलेला, म्हणजे मागाहून त्यांच्यात आलेला. आणि तू जन्माने आमचा नाहीस, हे त्याला भर सभेत ऐकवले जाते. त्याची जखम ही आहे. पण तो करतो काय? बारा शुद्ध रक्ताच्यांचा बळी देऊन स्वतःच रक्ताचा देव व्हायला निघतो. शिडी मोडण्याचा विचार त्याच्या मनाला शिवत नाही, त्याला फक्त वरची पायरी हवी आहे. या सर्वांच्या खाली माणसांचाच एक वर्ग आहे. आपल्या धन्याचे चिन्ह अंगावर गोंदवून घेतलेली ही माणसे दिवसाउजेडी धन्याची कामे करतात, कारण कधीतरी आपल्यालाही चावा मिळेल ही आशा. त्यात एक पोलीस आहे. तो पडद्यावर येताच आमच्यातल्या एका विद्यार्थ्याने आपल्या गावातल्या एका इसमाचे नाव घेतले आणि सगळे हसले. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे इतके उघडेवाघडे चित्र करमणुकीच्या चित्रपटात मी तरी दुसरे पाहिलेले नाही.

दुसरी गोष्ट. या चित्रपटात क्रूस चालत नाही. चांदी, लसूण, ऊन आणि रक्त गोठू न देणारे एक रसायन, एवढ्यावरच काम भागते. रक्ताचा अभ्यास केलेली कॅरेन ही काळी डॉक्टर स्वतःला झालेली बाधा प्रयोगशाळेत बसून बरी करते. पिशाच्चपण हा रोग ठरतो, शाप राहत नाही. आपल्याकडच्या भूतपटांत अखेर मांत्रिक किंवा देवीच धावून येते. ज्या कोल्हापुरात 2015 च्या फेब्रुवारीत कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तिथे बसून हा फरक किरकोळ म्हणता येत नाही.

रक्त पिणाऱ्यावरचा चित्रपट खुद्द कोल्हापूरने फार आधी काढला आहे. बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ हा मूकपट, साल 1925. कथा ना. ह. आपटे यांची, तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. तिथल्या पिशाच्चाला सुळे नाहीत, खातेवही आहे. जमीन जाते आणि शेतकरी शहरात मजुरीला जातो. झोपडी आणि रात्री रडणारे कुत्रे, हे त्यातले दृश्य पुढे अनेकांच्या आठवणीत राहिले. भूत न दाखवता भय दाखवण्याची ही ताकद मोठी. पण ही कथा ज्याच्याजवळ गमवायला जमीन आहे त्याची आहे. त्याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1918 साली महार वतने मोडली होती; वतनाच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवून घेणे हेही रक्त पिणेच होते. त्यावर कॅमेरा लावायला कुणी धजले नाही.

‘ब्लेड’ची उणीव वेगळ्या जातीची आहे. काळा शिकारी मिळाला, पण त्याला त्याची माणसे मिळाली नाहीत. त्याच्यामागे वस्ती नाही, संघटना नाही. गुरू गोरा, आणि लढा एकट्याचा. पँथर हे एका माणसाचे नाव कधीच नव्हते. शेवटी कॅरेन त्याला बरे होण्याचा उपाय देऊ करते तेव्हा तो नाकारतो, लढाई संपलेली नाही म्हणून. हा नकार मला पटतो. पण लगेच तो मॉस्कोत दिसतो आणि पुढच्या भागाची सोय होते. चित्रपटाने तेरा कोटी डॉलरच्या वर धंदा केला. पात्र ज्याने लिहिले त्या वुल्फमनने हक्कासाठी मार्व्हलविरुद्ध दावा लावला, आणि 2000 साली तो हरला. रक्त पिण्याचा हा प्रकार चित्रपटात अर्थातच नाही.

मला सर्वांत खटकली ती आई. तीस वर्षे मेली म्हणून समजलेली व्हेनेसा फ्रॉस्टच्या घरात सापडते, त्याच्याच बाजूची झालेली. ज्याने तिला चावले त्याच्याचकडे ती राहिली. का राहिली, कशी राहिली, हे विचारायला पटकथेला सवड नाही. पोरगा तिला मारतो आणि पुढे जातो. पहिला बळी काळी बाई, पहिली फितूरही तीच. मी हे बोलून दाखवण्याआधीच मागे बसलेली एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, तो आईला मारतो तेवढं परत लावा.” परत लावले. तिने पुन्हा लावायला सांगितले. मग इतरांनी पुढचा चित्रपट बघू द्या म्हणून गलका केला, आणि ती वही मिटून बाहेर जाऊन उभी राहिली.