‘तुम्ही शाकाहारी का?’ हा प्रश्न उमरठला विचारून बघा

संशोधनाची तयारी करताना आपण नमुना किती घ्यायचा, कोणती चाचणी लावायची यावर महिनेच्या महिने घालवतो. प्रश्नावलीतले साधे शब्द मात्र तपासायचे राहून जातात. आज अशाच एका शब्दाबद्दल बोलू: शाकाहारी. त्यासाठी एक चांगला लेख टीकेला घेतलाय. लेख चांगला आहे म्हणूनच घेतलाय, हे आधी सांगून ठेवतो.

बालमुरली नटराजन आणि सूरज जेकब यांचा हा लेख २०१८ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. भारत हा शाकाहारी देश आहे, ही समजूत त्यांनी मोठ्या सर्वेक्षणांच्या आकड्यांवर घासून बघितली. वेगवेगळ्या सर्वेक्षणांत शाकाहारी लोकांचं प्रमाण २३ ते ३७ टक्क्यांच्या दरम्यान निघतं. लेखकांच्या मते खरं प्रमाण याहूनही कमी, २० टक्क्यांच्या आसपास असावं. कारण मांस, विशेषतः गोमांस, खाणारे लोक दडपणापोटी ते सांगत नाहीत. प्रदेश, जात, वर्ग आणि स्त्री-पुरुष यांनुसार आकडे किती बदलतात, हेही त्यांनी नीट दाखवलंय. ‘भारतीय लोक अमुक खातात’ असं वाक्य प्रबंधात लिहिण्याआधी हा लेख वाचाच.

आता टीका. पोलादपूर तालुक्यातलं उमरठ तुम्हाला तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीमुळे माहीत असेल. त्या बाजूला मी माझ्या प्रश्नावलीची पहिली चाचणी घेतली. एका घरी विचारलं, “काकू, तुमच्याकडे शाकाहार की मांसाहार?”

“आमच्यात खातात.”

मी ‘मांसाहारी’वर खूण केली.

“पण ह्यांनी माळ घातलीय ना, म्हणून घरात शिजत नाय.”

मी खूण खोडली. “मग तुम्ही?”

“मी माहेरला गेले की खाते. सोमवार-गुरुवार सोडून.”

कागदावर खाडाखोड झाली आणि चौकट रिकामीच राहिली. तेव्हा मला वाटलं, बाईंना प्रश्न कळला नाही. खरं तर त्यांनी चार प्रश्नांची चार नेमकी उत्तरं दिली होती. ‘आमच्यात’ म्हणजे भावकीत काय चालतं. चुलीवर काय शिजतं. त्या स्वतः काय खातात. आणि कोणत्या वारी खात नाहीत. माझ्या प्रश्नाला चारातलं एकच उत्तर हवं होतं, आणि नेमकं कोणतं हवं तेही मी ठरवलेलं नव्हतं.

नटराजन-जेकब यांच्या मांडणीशी माझा वाद इथे आहे. लोक लपवतात म्हणून आकडा चुकतो, यावर त्यांचा भर आहे. लपवणं खरं आहेच. २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा असताना दारात आलेल्या अनोळखी माणसाला कोण खरं सांगेल? पण काकू काहीच लपवत नव्हत्या. आकडा खाली-वर करून दुरुस्त केला, तरी प्रत्येक माणसावर एक कायमचं लेबल असतं हे गृहीतक तसंच राहतं. लेखकांनी आयती आकडेवारी वापरली, त्यामुळे मूळ प्रश्न बदलणं त्यांच्या हातात नव्हतं, हे खरं. तुमच्या हातात मात्र ते आहे.

प्यू रिसर्च सेंटरच्या २०२१ च्या अहवालाशी ताडून बघा. त्यात ३९ टक्के प्रौढ भारतीयांनी स्वतःला शाकाहारी म्हटलं. पण ठरावीक दिवशी न खाणारे, ठरावीक मांस न खाणारे असे सगळे धरले तर आकडा ८१ टक्क्यांवर जातो. मधल्या ४२ टक्क्यांना आपण सरसकट ‘मांसाहारी’ म्हणतो. श्रावण पाळणारे आणि संकष्टीला सुकट बाजूला ठेवणारे त्यातच आले.

या शब्दामागची नीतीसुद्धा एक नाही. पाकिटावरचा हिरवा ठिपका घटक पदार्थ बघतो. त्याच्या नियमात दूध चालतं, अंडं चालत नाही. माळकऱ्याचं न खाणं हे घेतलेलं व्रत आहे. आणि उमरठहून फार लांब नसलेल्या महाडात, मार्च १९२७ च्या परिषदेत, बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं ते माणूस म्हणून मानाने जगण्यासाठी. मांसाहारच सोडा, असा तो आग्रह नव्हता. या तिन्ही गोष्टी ‘शाकाहाराकडे कल’ अशा एका रकान्यात टाकल्या, तर महाडचा अर्थच पुसला जातो. याच पट्ट्यात पहिल्या पावसात वलगणीचे मासे धरतात. अंड्यांनी भरलेले मासे तेव्हाच धरावेत का, हाही अन्नाच्या नीतीचाच प्रश्न आहे. आपली चौकट तो विचारतच नाही.

हे सगळं बाल की खाल काढणं वाटत असेल, तर शाळेतलं अंडं आठवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्यांना केळं. त्यावर हरकती आल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यासाठीचा निधी थांबवला. अशा वादात ‘इतके टक्के शाकाहारी’ हा आकडा लगेच पुढे येतो. पण ते उत्तर कोणी दिलेलं असतं? बहुतेक वेळा घरातल्या मोठ्या माणसाने. काकूंच्या घरात विचारलं असतं, तर माळेमुळे सगळं घर शाकाहारी लागलं असतं, आणि मामाकडे अंडं खाणारं पोरही त्यात मोजलं गेलं असतं.

मग करायचं काय? मी माझ्या प्रश्नावलीतून तो शब्द काढून टाकला. आता विचारतो: गेल्या आठवड्यात घरात काय शिजलं? तुम्ही स्वतः काय खाल्लं, कुठे खाल्लं? कोणत्या दिवशी चालत नाही? घरात हे कोण ठरवतं? चौकटी तपासायला वेळ जास्त लागतो, तक्ता मोठा होतो, मार्गदर्शक कुरकुरतात. शिवाय मागच्या सर्वेक्षणांशी थेट तुलना करता येत नाही, हे नुकसान खरंच आहे. ते टाळायचं असेल तर जुना प्रश्न शेवटी ठेवा आणि दोन्ही उत्तरांतला फरक मोजा.

तुमच्या आराखड्यातही असा एखादा शब्द असेल: ‘बेरोजगार’, ‘साक्षर’, ‘कुटुंबप्रमुख’. मुलाखतीला जाण्याआधी तो घरातल्याच कुणाला तरी विचारून बघा, आणि उत्तर देताना ते कुठे अडखळतात ते लिहून ठेवा.